जप्तीच्या यादीची कॉपी मागितली तर काय चुकलं?

संपादक महोदय, स.न.

आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, गोव्यात आमच्या बार्देश तालुक्यात आता घरोघरी तेच चाललंय. मे महिन्याच्या शेवटी रात्री साडेनऊला पोलीस आले, भाडेकरूविरुद्ध तक्रार होती म्हणे. चौकशी करा, झडती घ्या, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण त्याच्या खोलीबरोबर आमची पडवीपण तपासली आणि जाताना माझी स्कूटर घेऊन गेले, का तर तो ती चालवायचा. अहो, पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचं, सामान आणायला मीच त्याला दिली होती!

सोबत दोघे पंच, म्हणजे झडतीचे साक्षीदार होते, ते पोलिसांच्याच जीपमधून उतरले. आमच्याकडे पंच म्हणजे पंचायतीचा मेंबर, त्यामुळे आई आत जाऊन चहा ठेवायला लागली, बाहेर बघते तर दोन्ही चेहरे अनोळखी. कायदा सांगतो की पंच त्याच भागातले प्रतिष्ठित आणि तटस्थ लोक हवेत, तिथलं कोणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही तरच बाहेरचे. शेजारचे चार जण तर गेटपाशीच उभे होते, विचारलं कोणी?

पडवीच्या सोप्यावर, म्हणजे कट्ट्यावर बसून शिपायानं यादी लिहिली, पंचांच्या सह्या घेतल्या, मी कॉपी मागितली तर "उद्या ठाण्यावर या". चार वेळा जाऊन आलो. 1 जुलै 2024 पासून जी नवीन नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे पोलीस तपास आणि फौजदारी खटल्यांच्या पद्धतीचा कायदा आला, तिच्या कलम 103 मध्ये ही कॉपी झडती झालेल्या घरातल्या माणसाला द्यायची असं स्पष्ट आहे, आणि कलम 105 प्रमाणे झडती, जप्ती, यादी, सह्या सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग करून ते मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं असतं, साधा मोबाईलसुद्धा चालतो. शूटिंग झालं, पण कॅमेरा खोलीतच फिरला, पडवीत आले तेव्हा मोबाईल खिशात. वॉरंट नव्हतं, तर तातडीची कारणं आधी लिहून काढावी लागतात आणि तो कागद 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवा. तिथे अर्ज केला की आपल्याला त्याची कॉपी फुकट मिळते, हे मला वकिलानं सांगितलं तेव्हा कळलं, ठाण्यावर कोणी बोललं नाही.

स्कूटर ठाण्याच्या आवारात उघड्यावर पावसात भिजतेय, सीट फाटली, चाकात गवत शिरलं. जप्त केलेल्या वस्तू 15 दिवस ते महिनाभराहून जास्त ठाण्यावर पडून राहू नयेत असं सुप्रीम कोर्टानं 2002 मध्येच सांगितलंय, गुजरातच्या एका केसमध्ये. आता सोडवायला कोर्टात अर्ज दिलाय.

माझी मागणी एवढीच, यादीची कॉपी जागेवरच द्या, कार्बन लावून लिहिली तरी चालेल. डिकीत पुरुमेंताच्या मिरच्यांची पिशवी होती, ती यादीत आहे की नाही हे यादी बघितल्याशिवाय मला कसं कळणार?

— एक वाचक, बार्देश