तुम्ही माझ्या हातातला चमचा घेतला नाहीत

प्रिय काकू,

काल रात्री बाबांनी शकशुकाची, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेल्या अंड्यांची, कढई पावाच्या तुकड्याने पुसून खाल्ली. उठता उठता म्हणाले, "अजून एक अंडं चाललं असतं." मी बेसिनकडे तोंड करून उभी राहिले, त्यांना डोळे दिसू नयेत म्हणून. तुमच्यासमोर बसून बोलायला गेले तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहिते आहे.

आई गेल्यापासून मी तिचेच पदार्थ करत होते आणि आम्ही दोघंही प्रत्येक घासात तिचा हात शोधत होतो. बाबा दोन घास खाऊन ताट सरकवायचे. तुम्ही ते एकदाच पाहिलंत आणि म्हणालात, "तिनं कधी केलंच नाही असं काहीतरी कर." इतकं साधं मला सुचलं नव्हतं.

तुमच्याकडे शिकायला येण्याआधी मी पैसे भरून स्वयंपाकाच्या एका क्लासला गेले होते. पहिल्याच दिवशी हातात २२ जिन्नसांची यादी मिळाली. माझ्या ताहिनीच्या, म्हणजे तिळाच्या वाटणाच्या, गुठळ्या झाल्या, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी वाडगं उचलून सगळ्यांना दाखवलं, "असं होऊ द्यायचं नाही." का झालं, ते सांगितलंच नाही. ते अजून विसरता येत नाही.

तुमच्या ओट्याशीही ताहिनी तशीच घट्ट झाली. माझा हात थांबला. आता तुम्ही वाडगं ओढून घेणार असं वाटलं, पण तुम्ही दोन्ही हात पाठीमागे धरलेत. "थोडं पाणी पडलं की ती आधी आवळते. अजून घातलं की सुटते. घाल, ढवळत राहा." चमचा माझ्याच हातात राहिला. आणखी तीन-चार चमचे पाणी पडलं आणि ती सायीसारखी मऊ, पांढुरकी झाली. काकू, तुमचे ते मागे धरलेले हात मला रोज आठवतात.

पुढचं सगळं त्यानंतर सोपं गेलं. लसूण थंड तेलात घालून मंद आचेवर ठेवायचा. स्पॅगेटी शिजवलेलं पिठूळ पाणी टाकायचं नाही, त्यानेच तेल पास्त्याला धरतं. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी वाटण, गॅस बंद केल्यावर घालायचा, उकळला की वास जातो. टोमॅटो आटायची वाट बघताना तुम्ही सांगितलंत की १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदांनी कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारात जी चव ओळखून तिला उमामी म्हटलं, ती या टोमॅटोतही आहे. घाई करू नको, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याच्या हातून काम काढून घेणं फार सहज होतं. त्यात वाईट हेतूही नसतो. तरी समोरचा माणूस तिथेच लहान होतो. जवळ उभं राहून वाट बघणारी माणसं मला आयुष्यात फार थोडी भेटली.

बाबांनी विचारलंय, आता पुढे काय? मी हरिसा म्हटलंय, ती मिरचीची तिखट चटणी. मिरच्या भिजत घातल्या आहेत. पहिली बाटली तुमची.

तुमची,
खालच्या मजल्यावरची