घरचे वार, ऑफिसचे वार

डोंबिवली, रविवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बंगळूरच्या कंपनीचं सांगायला लागलास आणि दोन मिनिटांत "आई, कॉल आलाय, ठेवतो" म्हणून ठेवलासही. म्हणून हे पत्र. पत्र निदान म्यूटवर टाकता येत नाही.

मला कळलं ते एवढंच, की ती नोकरी पूर्ण घरून आहे, पगार बराच जास्त आहे आणि हिंजवडीची कटकट कायमची सुटणार आहे. बाबा म्हणाले, "घे म्हणावं, पेट्रोल वाचेल." माझं मत वेगळं आहे. आत्ता जी तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर अशी सोय तुला आहे, ती सोडू नकोस. फक्त ती तू आज ज्या तऱ्हेनं वापरतोस ते मला पटत नाही. ओवीच्या बारशानंतर मी तुमच्याकडे राहिले, तेव्हा सगळं बघत होते. बोलले नाही, कारण घरात लहान बाळ असताना सल्ले देणाऱ्या आजीइतका ताप दुसरा नसतो.

आधी तुझी बाजू. सिंहगड रोडवरून फेज थ्रीला जायचं म्हणजे बायपास, वाकड, भूमकर चौक, आणि पाऊस पडला की त्याच्याही पुढे दैव. मी सगळी नोकरी डोंबिवली-सीएसटी फास्टनं केली, तरी मला तुझा प्रवास जास्त वाईट वाटतो. लोकलमध्ये बसायला मिळालं की हात तरी मोकळे. आम्ही बायका परतीच्या गाडीत मेथी निवडायचो, वाटाणे सोलायचो, मुलुंड येईपर्यंत निम्मा स्वयंपाक उरकलेला असायचा. तुझे दोन्ही हात स्टिअरिंगला आणि पाय क्लचवर. दिवसाचे तीन तास त्यात जातात आणि घरी पोचल्यावर तुझ्याशी बोलायची सोय नसते. घरून काम असलं की ते तीन तास तुझे. शिवाय एका मंगळवारी तू सकाळी दार लावून बसलास आणि दुपारी जेवायला आलास तेव्हा म्हणालास, आठवडाभर अडलेलं एका बैठकीत झालं. मधे कुणी खांद्यावर हात ठेवून "एक मिनिट आहे का?" विचारलं नाही, म्हणून झालं. हे सगळं मला मान्य आहे. आमच्या बँकेतली लेजरं घरी नेता येत नव्हती, येत असती तर मीही दोन दिवस घरी बसले असते.

आता दुसरी बाजू, आणि ती जरा सविस्तर सांगते. मी बँकेत नवीन लागले तेव्हा संध्याकाळी हिशेब टॅली झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एकदा २७० रुपयांचा फरक येत होता. आम्ही दोघी नव्या मुली व्हाउचरांचे गठ्ठे पहिल्यापासून ताडून बघत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर हेडक्लार्क डबा-छत्री आवरून तयार. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "फरकाला नवानं भाग जातो का?" जात होता. "मग आकडे उलटे पडलेत कुठेतरी, तेवढंच शोधा." आणि खरोखर, कुणीतरी ४,५८१ चे ४,८५१ लिहिले होते. शेजारशेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नवानं नेहमी भाग जातो. पुढे कधीतरी त्यांच्याकडूनच कळलं, की तसं नसेल तर फरकाच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर शोधायचं. नावे टाकायची रक्कम जमेला पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. हेडक्लार्कांनीही आम्हाला शिकवावं म्हणून सांगितलं नाही. त्यांना त्यांची गाडी गाठायची होती!

ते घरी बसून काम करत असते, तर मी त्यांना फोन लावला असता का? मुळीच नाही. २७० रुपयांसाठी हेडक्लार्कला फोन करायची नव्या पोरीची छाती होत नाही. मोठी अडचण असली की माणूस मीटिंग लावतो. बारीक अडचण तो स्वतःशीच कुढत सोडवतो किंवा तशीच पुढे ढकलतो. तुझ्या हाताखाली आता ती लातूर-जळगावकडची मुलं आली आहेत ना? ती पीजीत राहतात, त्यांचं "घरून काम" म्हणजे कॉटवर मांडी घालून मांडीवर लॅपटॉप. तू कायमचा घरी बसलास तर त्यांना तुझ्याकडून कोडचे शेरे मिळतील, पण तू एखादी चूक कशी हुंगून काढतोस ते दिसणार नाही. आणि तुलाही तुझ्या वरचे लोक कसे निर्णय घेतात ते दिसणार नाही. बंगळूरची नोकरी घेतलीस तर तिथे पुन्हा नवा भिडू तूच असणार, हे विसरू नकोस.

सायलीनं मला मागे एक लेख पाठवला होता. तो वाचल्यावर मी त्या विषयावरचं आणखी थोडं वाचलं. रिटायर झाल्यावर वेळ असतो. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम नावाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवासाची बुकिंगं करणाऱ्या कंपनीत प्रयोग केला. कॉल सेंटरमधल्या ज्यांनी घरून काम करायची तयारी दाखवली, त्यांच्यातल्या सम तारखेला जन्मलेल्यांना घरी बसवलं आणि विषम तारखेवाल्यांना ऑफिसात ठेवलं. घरी म्हणजे आठवड्यातले चार दिवस, पाचवा ऑफिसात. नऊ महिन्यांत घरच्या लोकांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. इथवर तुझ्या मनासारखंच आहे. पण पुढचं वाच. प्रयोग संपल्यावर "आता तुम्हीच निवडा" म्हटलं, तेव्हा घरून काम करणाऱ्यांतले जवळजवळ निम्मे ऑफिसला परतले. एकटं वाटायचं म्हणून. आणि तेवढंच काम करूनही त्यांना बढती मात्र ऑफिसवाल्यांपेक्षा कमी मिळाली होती. नजरेआड असलेल्या माणसाची आठवण बढतीच्या यादीच्या वेळी कुणाला येते?

याच कंपनीत, तोवर तिचं नाव ट्रिप डॉट कॉम झालं होतं, २०२१-२२ मध्ये त्यांनी दुसरा प्रयोग केला. या वेळी १,६१२ माणसं, आणि ती तुझ्यासारखी: इंजिनिअर, मार्केटिंगवाले, फायनान्सवाले. पुन्हा जन्मतारखेवरूनच वाटणी. अर्ध्यांना पाचही दिवस ऑफिस, अर्ध्यांना बुधवार आणि शुक्रवार घरी. (सोमवार दिला नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं. रविवारला जोडून दांड्या मारणाऱ्यांचा अनुभव तिथेही असणार.) नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. दोन वर्षांपर्यंतची मूल्यमापनं आणि बढत्या तपासल्या, तर दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. प्रयोगाआधी तिथल्या मॅनेजर लोकांना वाटत होतं की काम घटेल. नंतर त्यांचंही मत फिरलं. ज्यांचा प्रवास लांबचा होता ते आणि बायका, हे लोक नोकरीला जास्त टिकले. हा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला आहे. आठवड्याचे चार दिवस घरी बसलेल्यांना बढतीत मार बसला आणि दोन दिवस घरी बसलेल्यांना बसला नाही, एवढी एक गोष्ट त्यातून माझ्यापुरती मी उचलली.

आता तुझी कानउघाडणी.

तू ऑफिसला जातोस त्या दिवशी तुझ्या टीममधले निम्मे लोक घरी असतात. मग दीड तास गाडी चालवून तिथे पोचायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि घरी बसलेल्या माणसांशी कॉलवर बोलायचं. यापेक्षा घरून कॉल केला असता तर काय बिघडलं असतं? सगळ्या टीमचे निदान दोन वार एकच ठरवून घ्या. त्या वारांना डिझाइनची चर्चा, नव्या मुलांबरोबर बसणं, भांडणं मिटवणं, चहा. हो, चहा हे कामच आहे. एकट्यानं डोकं घालून करायचं ते घरच्या दिवसांसाठी ठेव. बंगळूरचं ऑफर लेटर हातात आहे तोवर तुझ्या मॅनेजरशी हे बोलून घे, पगाराचंही बोल. आत्ता तो ऐकेल, सहा महिन्यांनी ऐकणार नाही. कंपन्यांचा भरवसा नसतो. टीसीएसनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस ऑफिसला बोलावलं, त्याच सुमाराला इन्फोसिसनं बऱ्याच लोकांना महिन्याचे दहा दिवस सांगितले. तुझ्याकडे आज जे आहे ते लेखी करून घे.

दुसरं, घरच्या दिवशी तू लॅपटॉप मिटतच नाहीस. ऑफिसच्या दिवशी आठला घरी आलास की बॅग कोपऱ्यात. घरून काम असलं की रात्री अकरालाही डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडा, एका हातात चमचा. वाचलेले तीन तास तू कंपनीलाच परत देऊन टाकतोस आणि मग म्हणतोस, घरून काम केलं की थकायला होतं.

आणि तिसरं सायलीचं. यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. तिची रजा संपत आली. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करता येईल, असंही त्यात आलं. तिनं ते जरूर मागावं. पण त्या कायद्यात बापाचा उल्लेख नाही, आणि त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच चाललंय की घरी बसायचं ते तिनं. बाई घरून काम करते म्हटलं की सिलिंडरवाला, प्लंबर, शेजारणीचं पार्सल, सोसायटीची वर्गणी, "तू घरीच आहेस ना" म्हणून येणारे सगळे तिच्याच दारात. तू घरी असलास की मात्र "हळू बोला, निखिलचं काम चाललंय." मीही तसंच म्हटलं असेन, आमच्या पिढीच्या तोंडात तेच बसलंय. रजेच्या आधी एकदा सायली मीटिंगमध्ये होती आणि बेल वाजली, तेव्हा तू आतल्या खोलीतून "बेल वाजतेय" असं ओरडलास. उठला नाहीस.

तेव्हा तुझे घरचे वार आणि तिचे घरचे वार वेगवेगळे घ्या. तिला दोन मिळाले आणि तुझे दोन, तर पाचातले चार दिवस दोघांपैकी एक जण ओवीच्या आसपास राहील. आसपासच म्हणतेय. लॅपटॉपसमोर बसलेल्या माणसानं बाळ सांभाळलं असं होत नाही, तेव्हा सांभाळायला बाई किंवा पाळणाघर लागणारच, तो खर्च वाचवायला जाऊ नका. पण ताप आला, लस टोचून आणायची असली, बाईनं अचानक सुट्टी घेतली, तर त्या वारी घरी असलेल्यानं निस्तरायचं. तुझा वार असेल तर तू. सायलीला फोन करून "औषध कुठे ठेवलंय" विचारायचं नाही, आधीच बघून ठेवायचं.

बंगळूरवाल्यांना काय कळवायचं ते तू आणि सायली ठरवा. पगाराचा आकडा मोठा आहे हे मला दिसतं, घराचे हप्ते आहेत तेही माहीत आहे. तरीही नाही म्हणालास तर बाबांची समजूत मी घालीन.

तुमचे वार पक्के झाले की कळव, म्हणजे मला इंद्रायणीचं आरक्षण करता येईल. दोघंही ऑफिसला जाणार तो पाचवा दिवस पहिले दोन महिने मी बघते. पुढचं पुढे.

तुझी,
आई

ता. क. गुरुवार ऑफिसचा घे. पुण्यात पाणी बंद, वीज बंद, जे काय बंद व्हायचं ते गुरुवारीच होतं. आणि राउटरला छोटा यूपीएस लाव, बाबा सहा महिने सांगताहेत.