विषय: १ आरपीएमची म्हणून विकलेली ६० हर्ट्‌झची मोटर

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आपल्या प्रतिनिधीने मघाशी बोलता बोलता फोन ठेवून दिला, म्हणून हे लेखी.

आपली १ आरपीएमची, म्हणजे मिनिटाला एक फेरी मारायला हवी अशी सिंक्रोनस मोटर एका फेरीला ७२ सेकंद घेते. वरचं आपलं स्टिकर सोललं तर खाली मूळ छपाई निघाली: ६० हर्ट्‌झ. भारतातली वीज ५० हर्ट्‌झची. अशा मोटरचा वेग विजेच्या हर्ट्‌झवर ठरतो; पुढचा हिशोब आपल्याला सांगायला नको.

मी लहान दुर्बिणीसाठी घरीच ट्रॅकिंग माउंट, म्हणजे फिरत्या आकाशामागे दुर्बीण फिरवणारा स्टँड, बनवलाय. बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, बिजागरीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे, म्हणजे पुण्यात साडेअठरा अंशांवर, आणि तिथून २२८.५ मिलिमीटरवर १ मिलिमीटर आट्याचा एम६ स्क्रू, जो ही मोटर फिरवते. मिनिटाला बरोबर एक फेरी झाली तरच फळी आकाशाच्या वेगाने उघडते. आपल्या मोटरवर शनी बारा मिनिटांत जवळजवळ चंद्रबिंबाएवढा सरकतो.

हे सांगितल्यावर आपले प्रतिनिधी म्हणाले, "सर, तुमचं घड्याळ फास्ट आहे का बघा." म्हटलं, वेळ मोबाइलवर मोजली. "मग मोबाइल रिस्टार्ट करा." मी गप्प. "नाहीतर व्होल्टेज कमी असेल, स्टॅबिलायझर लावा." मी शांतपणे सांगितलं, सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो. त्यावर, शब्दशः: "सर, बारा सेकंदांनी काय एवढं? दुर्बीण हाताने हलवायची ना!" खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. त्याही कोणी हाताने ढकलत असेल, अशी आपल्याकडे समजूत दिसते.

की महावितरणला अर्ज करून माझ्या घरापुरते १० हर्ट्‌झ वाढवून मागू?

बेअरिंग, रिले, पॉवर सप्लाय, सगळं इतकी वर्षं आपल्याकडूनच घेतलं. तपकीर गल्लीतल्या कुठल्याही दुकानदाराने मोटर जोडून, फिरवून मगच हातात दिली असती. आपण स्टिकर लावलंत. ७२ सेकंद, साहेब! आणि वर "इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही."

चुकीचा माल स्टिकरखाली झाकून विकणं याला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा आहे. ग्राहक पंचायत सुरू झाली तीही याच पुण्यात, १९७४ साली. सोललेलं स्टिकर आणि फेरीचा व्हिडिओ जपून ठेवलाय.

आठ दिवसांत मोटर बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा, कुरिअरच्या खर्चासकट. नवीन मोटरवर ५० हर्ट्‌झ कारखान्यातच छापलेलं हवं. आणि यापुढे फोन करायचा असेल, तर हर्ट्‌झ म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसाने करावा.

एक ग्राहक,
कोथरूड, पुणे