पातं निसटतं, आणि तुम्ही हवेला दोष देता

विषय : एअर सॉची (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या करवतीची) पातं धरणारी पकड सदोष, बदलून मिळणे किंवा पैसे परत

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला. डोकं थंड व्हायची वाट बघितली तर पत्र सभ्य होईल, म्हणून लगेच लिहितोय.

करवत चालू असताना पातं निसटतं. पकडीतल्या स्क्रूचे आटे गेलेत. ॲलन कीने कितीही आवळा, थोड्याच वेळात ढिला. पातळ पत्र्याला इंचाला 32 दात्यांचं पातं लावलं, निसटलं. जाड ॲल्युमिनियमला 18 दात्यांचं, तेही निसटलं. प्लास्टिकवर ट्रिगर हलका दाबून संथ चालवलं, नाहीतर कड वितळून पात्याला चिकटते, हे तुम्हाला सांगायला नको. तिथेही निसटलं. फायबरग्लास कापताना तर ते गॉगलवर येऊन आदळलं. तरी तुमचा पहिला प्रश्न : "सर, मटेरियल कोणतं होतं?"

आजचा संवाद मात्र जपून ठेवण्यासारखा आहे.

"कॉम्प्रेसर आमच्या कंपनीचा आहे का?"

"नाही."

"मग सर, बाहेरच्या हवेवर वॉरंटी लागू होत नाही."

बाहेरच्या हवेवर! मी विचारलं, आतली हवा कुठे मिळते? त्यावर मला होल्डवर ठेवलं. परत आल्यावर तेच वाक्य, फक्त जरा सावकाश, मला ऐकू कमी येत असल्यासारखं.

नोंद घ्या : ट्रिगर दाबलेला असताना हत्यारापाशी 90 पीएसआय दाब आहे. होस 10 मिलिमीटरचा, पाणी गाळणारा फिल्टर लावलेला, तेलाचे थेंबही रोज घालतो. हवा कमी पडली तर करवत मंदावते, अडखळते. स्क्रूचे आटे खात नाही. आणि हवेचाच विषय काढलात म्हणून : बॉक्सवर ठळक छापलेला सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा लागते त्याचा, आकडा अधूनमधून ट्रिगर दाबण्याच्या हिशेबाचा आहे. सलग कापताना कितीतरी जास्त हवा लागते. तो छापताना हवा कुणाची, हा प्रश्न पडला नव्हता वाटतं.

तुमचा नट-बोल्ट फिरवणारा, हवेवरच चालणारा इम्पॅक्ट रेंच मी कित्येक वर्षं वापरतोय, कधी तक्रार नाही. त्याला बाहेरची हवा मानवत असावी. त्याच भरवशावर ही करवत घेतली, वाईट त्याचंच वाटतं.

पकड बदलून द्या किंवा पैसे परत करा. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलाचं असेल. फोन करणारच असाल तर ज्याने ही पकड उघडून पाहिली आहे अशा माणसाला करायला सांगा.

आपला ग्राहक (अजून तरी)