कण छान झाला, पण आतला आरएनए सुटला का?

ऐरोली, नवी मुंबई
१४ जुलै

प्रिय मेधा,

रबाळ्याच्या लॅबमध्ये रुजू झालीस आणि पहिलंच काम लिपिड नॅनोकणांचं, म्हणजे आरएनए पेशीत पोचवणाऱ्या स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म कणांचं आलं, वाचून बरं वाटलं. घरच्या गप्पा रविवारी फोनवर मारू. हे कण कसे करायचे आणि तपासायचे असं तू विचारलंस, ते आधी लिहिते.

लिपिडांचं प्रमाण नव्यानं शोधत बसू नकोस. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या पॅटिसिरान या आरएनए-औषधाचंच घे: आयनायझेबल (पीएचनुसार भार घेणारं) लिपिड ५०, डीएसपीसी (एक फॉस्फोलिपिड) १०, कोलेस्टेरॉल ३८.५, पीईजी-लिपिड (पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेलं) १.५. हे मोलचे, म्हणजे रेणूंच्या संख्येचे टक्के आहेत, वजनाचे नव्हेत. नवी माणसं हमखास इथेच फसतात.

आता हिशेब. १ मायक्रोग्रॅम आरएनएत साधारण ३ नॅनोमोल फॉस्फेट असतं. एमआरएनएसाठी (प्रथिन बनवायचा संदेश नेणारा आरएनए) एन/पी, म्हणजे लिपिडमधल्या नायट्रोजनचं आरएनएच्या फॉस्फेटशी प्रमाण, ६ धर, म्हणजे दर मायक्रोग्रॅमला १८ नॅनोमोल आयनायझेबल लिपिड. १०० मायक्रोग्रॅमला १.८ मायक्रोमोल, ते लिपिड एसएम-१०२ असेल तर सुमारे १.२८ मिलिग्रॅम. चारही लिपिडं मिळून ३.६ मायक्रोमोल होतात. ती ०.३ मिलिलिटर इथेनॉलमध्ये, आणि आरएनए ०.९ मिलिलिटर सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४. या पीएचला लिपिडवर धन भार येतो आणि ते आरएनएला धरतं. रक्ताच्या ७.४ ला तो भार जवळजवळ उतरतो, म्हणून कण पेशींना फारसा बाधत नाही.

जुलैत आपल्याकडची हवा म्हणजे ओलीचिंब. उणे २० मधली लिपिडची कुपी काढल्या काढल्या उघडलीस तर आत दव धरतं; अर्धा तास बंदच राहू दे. एसीचं दुखणं वेगळं. डीएसपीसी इथेनॉलमध्ये एरवीही नाखुशीनंच विरघळतं, गारव्यात तर तळाशी बसतं. ३७ अंशांवर गरम कर आणि कुपी उजेडात धरून बघ. धुरकट दिसलं तर मिसळण्याच्या चिपमध्ये (बारीक वाहिन्यांची पट्टी) घालू नकोस: वाहिनी तुंबेल ती तुंबेल, वर प्रमाणही बिघडलेलं असेल.

चिपमध्ये बफर आणि इथेनॉल ३:१, एकूण वेग मिनिटाला १२ मिलिलिटर. सुरुवातीचा पाव मिलिलिटर टाकून द्यायचा, तोवर दोन्ही धारा स्थिरावलेल्या नसतात. म्हणून सगळं थोडं जास्तच घे. पिपेटनं ढवळूनही कण होतात, पण दर खेपेला वेगळ्या मापाचे. बाहेर येतं त्यात २५ टक्के इथेनॉल असतं. ते तसंच ठेवून डबा खायला गेलीस तर कण एकमेकांत मिसळून फुगतील. लगेच पीबीएसनं (फॉस्फेट आणि मिठाचा बफर) पातळ कर, मग इथेनॉल काढायला रात्रभर डायलिसिस.

कणात किती आरएनए शिरला ते रायबोग्रीन या चमकणाऱ्या रंगानं मोज. तो फक्त उघड्या आरएनएला धरतो, त्यामुळे अर्धा नमुना ट्रायटन या साबणासारख्या द्रवानं फोडून मोजायचा. ट्रायटन रंगाची चमकही बदलतो, तेव्हा प्रमाण-वक्र (माहीत असलेल्या आरएनएवरून काढलेला आलेख) ट्रायटनसह वेगळा काढ; नाहीतर आकडे १०० टक्क्यांच्या वर जातात आणि उगाच डोकं खातात.

आकार ८० नॅनोमीटर, पीडीआय (कणांच्या मापांतला फरक) ०.१, आत ९५ टक्के आरएनए, एवढ्यावर हुरळू नकोस. खरी अडचण पेशीच्या आत आहे. पेशी कण गिळते, तो एंडोसोम या पेशीतल्या पिशवीत अडकतो. २०१३ च्या एका अभ्यासात एसआयआरएनएपैकी (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) १ ते २ टक्केच पेशीद्रवात सुटलं. इथे निकाल लावतो तो कणाचा पीकेए, म्हणजे निम्म्या आयनायझेबल लिपिडवर भार असतो तो पीएच. टीएनएस रंगानं तो मोज, यकृतासाठी ६.२ ते ६.५ च्या आसपास हवा. फार खाली गेला तर एंडोसोमच्या आम्लातही पुरेसा भार येत नाही, फार वर गेला तर रक्तातच भार राहतो. पीईजी वाढवलंस की कण लहान आणि टिकाऊ होतो, पण पेशीत शिरायला कुचराई करतो. माझ्या मते १.५ ला हात लावूच नये.

पेशींवर चाचणी घेताना माध्यमात सीरम नसेल तर एपीओई हे रक्तातलं प्रथिन घाल. यकृताच्या पेशी कण ओळखतात त्या याच प्रथिनामुळे. ते नसल्यामुळे चांगलं लिपिडही नापास दिसतं. फुफ्फुसाचं लक्ष्य असेल तर डीओटॅपसारखं कायम धन भाराचं पाचवं लिपिड मिसळावं लागतं. तो विषय मोठा आहे, नंतर लिहीन.

साठवायला ८ टक्के सुक्रोज घालून उणे ८०. आणि लिपिडचा नवा लॉट आला की एन-ऑक्साइड ही अशुद्धी किती आहे ते पुरवठादाराला विचार. त्यातून सुटणारे अल्डिहाइड आरएनएला चिकटतात. जेलवर आरएनए अखंड दिसतो आणि प्रथिन मात्र बनत नाही. तुझा टीएनएसचा आलेख निघाला की पाठव.

तुझी,
अश्विनी