दिल्या, ते खापर जोर्वे नव्हतं

अमळनेर,
चैत्र वद्य एकादशी

प्रिय दिल्या,

होळीला ‘सविस्तर लिहितो’ म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. शिव्या घालायच्या असतील तर घालून घे, मी थांबतो. झाल्या? आता ऐक. हे फोनवर सांगण्यातलं नाही. फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मागे टीव्हीत कुणीतरी रडत असतं. तब्येतीचं म्हणशील तर साखर आहे तिथेच आहे, गुडघे जिना दिसला की कुरकुरतात. बाकी ठीक.

तर आपलं तापीकाठच्या प्रकाशा गावचं खापर. घाटाखालच्या गाळातून तू उचललेलं. त्यावरून आपण नंदुरबार ते दोंडाईचा एसटीत एवढे भांडलो की कंडक्टरने विचारलं, शेतीचा वाद आहे का. तुझं म्हणणं जोर्वे, म्हणजे ताम्रपाषाण काळातलं, तीन हजार वर्षांपूर्वीचं. माझं म्हणणं कुणाच्या तरी घराचं कौल. पुढे तू पुरातत्त्व खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’चा तो २०-२१ जोडअंक कुठूनसा पैदा केलास, थापरांनी १९५४-५५ साली प्रकाशाला खोदलं त्याचा अहवाल, आणि दर दिवाळीला आलास की त्यातल्या चित्रांवर तुकडा ठेवून बघायचास. लाल अंग, पक्की भाजणी, नखाने वाजवलं की खण्ण. ‘अजून काय पाहिजे तुला?’ असं ओरडायचास. मी म्हणायचो, मंगळुरी कौलही खण्ण वाजतं.

परवा आपल्या भागाबापू कुंभारांची नात आली होती. धाकटी, केमिस्ट्रीवाली. तुकडा खिडकीत कागदांवर वजन म्हणून असतो, माहीत आहे तुला. तिने तो उचलला, उलटा केला, बोट आतून फिरवलं आणि म्हणाली, ‘काका, हे मांड्यांचं खापर आहे ना?’ मी म्हटलं कशावरून? म्हणाली, ‘चुलीवरच्या मडक्याला काजळी बाहेरून धरते. हे बाहेरून लाल आहे नि पोटातून काळं. म्हणजे चुलीवर उपडं होतं. आमच्या आजीचं अगदी असंच होतं.’

भो, मी बसूनच घेतलं. अरे, तुझ्या माईच्या अंगणात आपण दोघांनी मांडे हाणले, त्या उपड्या खापरावर ती हातावर पसरलेला मांडा टाकायची तेव्हा आपण धूर डोळ्यांत घेत समोरच बसलेलो असायचो, आणि उठून ओसरीवर येऊन ह्याच तुकड्यावरून भांडायचो. आत काळं आहे हे दोघांनाही दिसत होतं. तू त्याला ‘भाजताना प्राणवायू कमी पडल्याची खूण’ म्हणायचास. पुस्तकातलं वाक्य! हे सांगायला मला जगात दुसरं कुणी नाही. बायकोला सांगितलं, तर म्हणे, ‘मग? मी पहिल्यापासून त्याला खापरच म्हणते.’

जिंकलो मीही नाही. पण तू हरलास, ह्याचा आनंद मला ह्या वयातही लपवता येत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. पोरगी खापरासाठी आलीच नव्हती. तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेली पणती काढली. साधी, बापूंच्या चाकावरची, काठाला अंगठ्याची चिमूट. पण तळाशी काच! निळसर हिरवी, डबक्यासारखी साचलेली, आणि तिच्यात केसाएवढ्या तड्यांची जाळी. एका बाजूला बांगडीची अर्धी कड अजून उभी, पुरती न वितळलेली. वरचा सोनेरी मुलामा पार उडालेला. कासाराकडून फुटक्या बांगड्या मागून आणल्या, पणतीत घातल्या, आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) घागरींचा आवा, म्हणजे भाजायची भट्टी, लागला तेव्हा बापूंच्या नकळत मधल्या थरात सरकवून दिल्या. आव्याची आच आठशेच्या आसपास जाते. बांगडीची काच तेवढ्यावर पाघळते. इतकं सोपं. माझं मातीच्या पुस्तकांचं कपाट आणि तुझं काचेच्या, दोन्ही त्या दीड इंचाच्या पणतीत एकत्र आलेली आणि आपल्या दोघांनाही पत्ता नाही.

तिचा प्रश्न जाळीचा होता. दिसायला छान, पण तेल झिरपतं. काच निवताना मातीपेक्षा जास्त आकसते म्हणून तडकते, एवढं मी सांगितलं. मग मला जोर चढला. त्या जुन्या रोमन लेखक प्लिनीवर गेलो, त्या व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावर सोड्याच्या ढेकळांची चूल मांडली नि खालची वाळू वितळून काच झाली ती गोष्ट. तुझं मतही सांगितलं, की स्वयंपाकाच्या आचेवर वाळू वितळत नसते, प्लिनीने आयुष्यात चूल पेटवली नसणार. तिथून तळेगावचा पैसा फंडाचा, म्हणजे लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीचा, काचकारखाना, १९०८. ते वाचून आल्यावर तू अख्ख्या गल्लीकडून काचकारखान्यासाठी पैसा-पैसा गोळा केला होतास आणि त्याची आपण भजी खाल्ली, हे मात्र गाळलं. पोरगी मी कधी थांबतो याची वाट पाहत होती. थांबलो तशी म्हणाली, ‘काका, ह्यातली कुठली पुस्तकं नेऊ?’

तेव्हापासून माझी झोप गेली आहे.

नेऊ म्हणजे काय, बघायला नव्हे. न्यायलाच. चाकाजवळ ठेवणार, मातीच्या हाताने पानं उलटणार. निर्मला पटवर्धनांचं हँडबुक मी लगेच काढून दिलं. त्या इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचकडे शिकलेल्या, आणि झिलईचे (भांड्यावरच्या काचेसारख्या थराचे) नुसखे आपल्याकडे मिळणारा माल धरून दिलेले, ते तिच्या कामाचंच आहे. पण तिचं बोट गेलं लीचवर. १९४० सालचं ‘अ पॉटर्स बुक’, भुसावळच्या रद्दीवाल्याकडचं. अर्धे पैसे तुझे. (तू दिलेस असं तू म्हणतोस. मी म्हणतो, चहाचे वजा केलेस.) पहिल्या पानावर दोघांची नावं, त्यामुळे मी एकटा कसा देऊ? असं तिला सांगितलं, आणि ते खरं आहे, पण दिल्या, तुझ्यापाशी कशाला लपवू, ती सबब मला फार सोयीची वाटली.

त्याच्यानंतर दिसेल त्या बाजूने विचार करतोय. तिने उभ्याउभ्या राखेचं प्रकरण वाचून काढलं. लाकडाच्या राखेने झिलई होते, कारण राखेतले क्षार आणि चुना वाळू वितळायला मदत करतात. लगेच तिचं डोकं चाललं: रावेरच्या मावशीच्या शेतात केळीचे खांब कापणी झाली की पडूनच असतात, त्यांची राख पालाशने (पोटॅशने) भरलेली. केळीच्या राखेची झिलई! खानदेशात ह्याहून चांगली कल्पना मी तरी ऐकली नाही. पण लीचची राख वितळते बाराशेच्या वर. बापूंचा आवा आठशेचा. आणि समज, मिळाली एखादी भट्टी, तर आपली नदीकाठची लाल माती अकराशेच्या पुढे गेली की फुगते, बसते, भांड्याची पोळी होते. म्हणजे माती बाहेरून आणा, भट्टी विजेची घ्या. तिने चिनी मातीच्या भांड्यांच्या खुर्जाला फोन करून भट्टीची चौकशीसुद्धा केली आहे. लाखाच्या पुढे आकडा. मी काहीच म्हटलं नव्हतं रे! नुसतं पुस्तक दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बापू बाजारात भेटले. घागरी मांडून बसलेले, शेजारी गुजरातेतून ट्रकने आलेले नळाचे माठ विकणारा. मला म्हणाले, ‘भाऊ, पोरले काय वाचाले देतस तुम्ही? रातभर लाइट चालू ऱ्हास.’ रागाने नाही म्हणाले. पण एक घागर आणि वरची केळी (छोटं मडकं) घेतली तर त्यांनी पैसे घेतले नाहीत, आणि ते मला पैसे मागण्यापेक्षा वाईट लागलं. पोरीला जळगावला कंपनीत लॅबची नोकरी लागतेय असं ते चार जणांना सांगून बसलेत.

आणखी एक. शिसं. त्या काळात कमी आचेवर चकाकी पाहिजे तर शिसं, हे सगळ्यांना मान्य होतं, लीचलाही. त्या पुस्तकात गॅलिनाची, म्हणजे शिशाच्या खनिजाची, झिलई आहे. बापूंच्या आचेच्या त्यातल्या त्यात जवळचं नेमकं तेच आहे! उद्या कुणी तसल्या वाडग्यात ताक ठेवलं, लोणचं ठेवलं, तर आंबटाने शिसं सुटून पोटात. रात्री दोनला उठून मी त्या पानांवर लाल पेनने मोठे काट मारले. सकाळी तिला दाखवले तर हसली. म्हणाली, ‘काका, एम.एस्सी. झालंय माझं. शिसं नाही, टाकणखार वापरणार.’ म्हणजे पुस्तक मिळणार असं तिने धरूनच ठेवलंय.

वाचनालयाचंही कळवायचं राहिलं. तिथले चिटणीस कपाट मागून गेले. देणगीदार म्हणून पाटी लावू म्हणाले. कुलूप कुणाकडे असेल विचारलं, तर म्हणे शिपायाकडे, आणि शिपाई आता नाही. तिथे ही पुस्तकं अगदी सुखरूप राहतील. कुणीही हात लावणार नाही. मुलगा म्हणतो, बाबा, स्कॅन करून टाका. एवढा एकच शब्द त्याला सगळ्या प्रश्नांवर येतो.

माझं मत विचारशील तर लीच चाकाजवळच जावा. पहिलं प्रकरण प्रवचन आहे, ते सोडून दे, असं मी तिला सांगणार आहे. त्याला मडकं कमी नि मोक्ष जास्त दिसतो, हे तुझंच मत. पण पुढचं भट्टीचं, मातीचं, त्यात अनुभव आहे. आणि ५७३ अंशाचं ते पान, जिथे भट्टी निवताना मातीतलं क्वार्ट्झ अचानक आकसतं आणि घाईने दार उघडणाऱ्याची भांडी तडकतात. समासात तू ‘बापू हे न वाचता जाणतात’ असं लिहिलंयस. तिने ते वाचलं आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला. आजोबांना दाखवणार म्हणे. तेव्हा मला वाटलं, देऊन टाकावं आत्ताच. मग ती गेली, आणि कपाटातल्या त्या जागेकडे बघून वाटलं, थांबूया, दिल्याला विचारूया. पुस्तकं वाचून आपण एक बोळकंसुद्धा धड केलं नाही, हे खरं. पण इतकी वर्षं ते वाचलं कुणी, भांडलं कुणी? त्याची काही किंमत धरायची की नाही? आणि भट्टीचं कर्ज काढून पोरगी फसली तर बापू कुणाच्या दारात येतील? खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. (आता हे वाक्य आपसूक आलं. हसू नकोस.)

वहिनींच्या मोतीबिंदूचं झालं का? दुकान वराछ्यातच हलवलं की दुसरीकडे? चिरंजीवांचं साखरपुड्याचं नक्की झालं की तिथीसकट कळव, आरक्षण मिळत नाही आयत्या वेळी.

आणि काम. आखाजीला शालूताई माहेरी येईल. तिच्यासोबत ते निळ्या कापडी बांधणीचं काचेचं पुस्तक पाठव, जे तू सुरतेला जाताना ‘वाचून परत देतो’ म्हणून नेलंस. कुठली काच किती आकसते ते कोष्टक त्यातच आहे आणि जाळीचं उत्तर त्याच्यावाचून निघायचं नाही. पोरीला मी तसा शब्द दिलाय. लीचचं हो की नाही ते चिठ्ठीवर लिही. चिठ्ठी आली नाही तर तुझा अर्धा हिस्सा मी विकत घेतला असं समज. चहाचे वजा करून.

तुझा,
अरुण

ता. क. लीचमध्ये जपानी कुंभार हमादाच्या भांड्याच्या फोटोखाली तू पेन्सिलीने एक नाव लिहिलंयस. ते वहिनींचं नाही. खोडू की राहू देऊ?