रीडिंग रूमचे मामा आणि ती ताई, थँक्यू

परवा सेमिस्टरच्या पेपरच्या आदल्या रात्री रीडिंग रूममध्ये मला एकदम श्वासच घेता येईना, हात थरथरायला लागले, वाटलं आता आपलं काही खरं नाही. घरी लातूरला फोन करायची हिंमत नव्हती, आई रात्रभर झोपली नसती. दारावरचे मामा आले, काही विचारलं नाही, खिडकी उघडली आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला, रात्रपाळीसाठी आणलेला तेवढाच उरला होता त्यांचा. मग एक अनोळखी सिनिअर ताई आली, तिने नोटीस बोर्डावरच्या पोस्टरवरून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्याच फोनवरून लावून दिला. फुकट आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलतात, मी रोज त्या पोस्टरसमोरून जायचे पण कधी थांबून वाचलंच नव्हतं. मी बोलत होते तेवढा सगळा वेळ ती जिन्यात माझी सॅक मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि सकाळी तिचापण पेपर होता! मग होस्टेलच्या गेटपर्यंत सोडायला आली.

पेपर दिला मी. ताई, तुझं नाव विचारायचं राहून गेलं गं, खूप खूप थँक्यू. मामा, उद्याचा थर्मास मी भरून आणते.